रुसायला जागा नाही

ऑस्ट्रेलियात माणूस निवृत्त झाला की नाही हे त्याच्या केसांवरून कळत नाही, गाडीच्या मागच्या टोकावरून कळतं. तिथे पोलादी गोळा बसवून घेतलेला दिसला की समजावं, गृहस्थ निघाले. थोड्याच दिवसांत त्या गोळ्याला ट्रेलर अडकतो, ट्रेलरवर सोलर पॅनेल चढतं, मागे कोणीही न चालवणाऱ्या दोन सायकली लटकतात. आणि पुढच्या सीटांवर दोन माणसं बसतात, जी लग्नानंतर प्रथमच इतका वेळ, इतकी जवळ आणि इतकी बिनकामाची बसलेली असतात. या जमातीला इथे ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. दक्षिणेत थंडी पडू लागली की मे महिन्याच्या सुमारास ही मंडळी उत्तरेला सरकतात आणि तिकडचा पावसाळा सुरू व्हायच्या आत परततात. अख्ख्या देशाला वळसा घालणारा हायवे वन साधारण साडेचौदा हजार किलोमीटरचा आहे. त्यावर कुठेही थांबा, एक टोपीवाले आजोबा दुसऱ्या टोपीवाल्या आजोबांना आपली बॅटरी उघडून दाखवत असतात.

मेलबर्नमधल्या मराठी माणसाला हे दृश्य वर्षानुवर्षं दिसतं, पण ते आपल्याला लागू आहे असं त्याला कधी वाटत नाही. आपली निवृत्ती आधीच ठरलेली असते. नातवंडांना शाळेत सोडायचं, आणायचं, मधल्या वेळात लॉन कापायचं आणि गणपतीच्या दोन महिने आधीपासून सतरंज्या कोणाच्या गॅरेजमध्ये आहेत यावर चर्चा करायची. त्यामुळे आम्ही कॅम्पर ट्रेलर घेऊन मेलबर्नहून पर्थला निघतोय, तेही नलरबॉरच्या माळावरून, हे जाहीर केल्यावर मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबा, पण शुक्रवारी छोटीला पोहायला कोण नेणार?” त्याला आमची काळजी होतीच. फक्त आधी शुक्रवार आठवला.

या ट्रेलरांच्या मागे स्टिकर असतात. ‘स्मृतिभ्रंशाआधी साहस’ या अर्थाचं एक फार चालतं. दुसरं अधिक सरळ आहे: आम्ही मुलांचा वारसा खर्च करतोय. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमची ही दचकली. आपल्याकडे असा विचार मनात आला तरी माणूस तो गाडीवर चिकटवत नाही. आपण फ्लॅट घेतो तो मुलासाठी, मुदतठेव ठेवतो ती नातवासाठी, आणि स्वतःसाठी घेतो तो गुडघ्याचा पट्टा.

पण शास्त्राधारच काढायचा तर तो या स्टिकरवाल्यांच्या बाजूने आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय, की अंगावर सुरकुत्या आणि डोक्यावर पांढरे केस दिसू लागले, मुलाचं मूल पाहून झालं, की गृहस्थाने रानाची वाट धरावी. बायकोला मुलांच्या हवाली करावं किंवा बरोबर न्यावं. मनूचं बाकीचं पटो न पटो, हा कार्यक्रम आपण भारतीयांनी कधी मनावर घेतला नाही. तो ऑस्ट्रेलियन लोकांनी फ्रिजसकट अमलात आणला. एक गोष्ट मात्र मनूने सांगितली नाही: ट्रेलर रिव्हर्स कोणी घ्यायचा?

कारण सगळा वानप्रस्थ तिथे अडतो. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. हे भौतिकशास्त्र आहे, त्याच्याशी कोणाचा वाद नाही. वाद असतो तो मागे उभं राहून हात हलवणाऱ्या व्यक्तीशी. कॅरव्हॅन पार्कमध्ये बहुतेक लोक दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान येतात, कारण अंधार पडल्यावर रस्त्यावर कांगारू येतात आणि शहाणी माणसं त्याआधी मुक्काम गाठतात. जे आधी पोहोचलेले असतात ते घडीच्या खुर्च्या मांडून, चहाचे मग घेऊन, नव्याने येणाऱ्यांकडे तोंड करून बसतात. कोणी हसत नाही. कोणी मदतीलाही उठत नाही. इतक्या सभ्यपणे दुसऱ्याची फजिती पाहणारा प्रेक्षकवर्ग मी दुसरीकडे पाहिला नाही.

बहुतेक जोडपी यासाठी वॉकीटॉकी वापरतात. इथे यूएचएफ रेडिओवर ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनेलवर असतात आणि कॅरव्हॅनवाले १८ नंबरवर. दुपारी चारच्या सुमारास १८ नंबरला कान लावला तर ऑस्ट्रेलियन कुटुंबव्यवस्थेचा अभ्यास घरबसल्या होतो. आम्हांला मराठीचा फायदा होता. “अहो, झाड! झाड! तुम्हांला झाड दिसत नाही की मी दिसत नाही?” हे वाक्य साऱ्या कॅम्पला ऐकू गेलं तरी कळत कोणालाच नाही. सूर तेवढा सगळ्यांना कळतो. शेजारच्या मिशीवाल्या गृहस्थांनी नंतर येऊन, एक शब्द न बोलता, माझा खांदा थोपटला.

सेडूनाला एका ट्रकवाल्याने युक्ती सांगितली. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. मग हात जिकडे सरकेल तिकडेच ट्रेलर सरकतो. सांगितली ती हिला, मला नाही, कारण त्याला माणसं ओळखता येत होती. तेव्हापासून ट्रेलर मागे ही घेते आणि मी मागे उभा राहून खुणा करतो. ही माझ्याकडे बघत नाही. त्यामुळे काम पाच मिनिटांत होतं.

ही वस्ती समतेची आहे असं जे सांगतात त्यांनी ती लांबून पाहिलेली असावी. इथे चार वर्ण आहेत. सर्वांत वर मोटरहोमवाले, ज्यांचं घर आणि इंजिन एकच. त्यांच्याखाली आत संडास-बाथरूम असलेले कॅरव्हॅनवाले. मग आम्ही कॅम्पर ट्रेलरवाले, म्हणजे चाकांवरची एक मोठी पेटी. तिच्यातून राहुटी उलगडायची, मागून स्वयंपाकघर बाहेर ओढायचं आणि पाऊस आला तर फोडणी छत्रीखाली द्यायची. आणि सर्वांत खाली गाडीच्या टपावर तंबू बांधून शिडीने चढणारी तरुण पोरं, ज्यांच्याकडे आम्ही तिघेही वर्ण दयेने बघतो आणि ज्यांच्या गुडघ्यांचा आम्हा तिघांनाही हेवा वाटतो.

राहुटीचं कापड नवं असेल तर निघण्यापूर्वी ती अंगणात उभारून पाइपने भिजवावी लागते आणि वाळवावी लागते. सूत फुगतं, शिवणीची भोकं बुजतात, मग पावसात गळत नाही. हे शास्त्र खरं आहे, पण कडक उन्हाच्या दिवशी स्वतःच्या अंगणात तंबू ठोकून त्यावर पाणी मारणारा निवृत्त भारतीय इंजिनियर कुंपणापलीकडून कसा दिसतो हे आमच्या शेजाऱ्यांना विचारावं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की ही राहुटी दहा मिनिटांत उभी राहते. राहते. त्याच्याकडे दोन तरुण सहायक होते आणि दोघांचं एकमेकांशी लग्न झालेलं नव्हतं.

आता खऱ्या मुद्द्याला येतो. घरातल्या भांडणाला एक रचना असते. ते स्वयंपाकघरात सुरू होतं, हॉलमध्ये वाढतं आणि मग दोघांपैकी एक जण आतल्या खोलीत जाऊन धाडकन दार लावून घेतो. दार लावणं हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा. त्यानंतर रुसवा, मग जेवणाच्या वेळी भिंतीला उद्देशून ‘वाढलंय’, आणि सकाळी चहाबरोबर सगळं विसरलेलं. या सगळ्याला किमान दोन खोल्या लागतात. कॅम्परला दार नसतं, चेन असते. चेन आपटता येत नाही. रागाने ओढली तर ती निम्म्यावर कापडात अडकते, आणि मग जिच्यावर रागावून निघालो तिलाच टॉर्च धरायला सांगावं लागतं. बाहेर जाऊन बसावं, तर दिवसा माश्या तोंडात जातात आणि रात्री आपण कुठे आहोत ते आपल्यालाच दिसत नाही. थोडक्यात, रुसायला जागाच नाही. परिणाम असा होतो की भांडण पूर्ण करावं लागतं. आमची कितीतरी भांडणं वर्षानुवर्षं दाराआड अर्धवट पडून होती. ती या प्रवासात एकेक करून निकाली निघाली.

त्यातलं सर्वांत मोठं निघालं ते अर्थातच नलरबॉरवर, पण त्याआधी नाका आला. दक्षिण ऑस्ट्रेलिया संपून पश्चिम ऑस्ट्रेलिया सुरू होतो तिथे, बॉर्डर व्हिलेजला, फळं, भाज्या, मध, रोपं काढून घेतात. एका राज्याची कीड दुसऱ्याच्या शेतीत जाऊ नये म्हणून. शिजवलेली भाजी चालते. त्यामुळे नाक्याच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामावर भलताच देखावा असतो. साठी-सत्तरीची माणसं खुर्च्यांवर बसून, कर्तव्य म्हणून, पाचवं केळं खात असतात. आमची ही खाऊन संपवणाऱ्या पंथातली नव्हे. तिने वांगी, गाजरं, बटाटे, घेवडा, जे जे होतं ते एका पातेल्यात घातलं, वर तिळाचं कूट आणि गूळ पेरला आणि भोगीची भाजी केली. भोगी जानेवारीत येते, आमची सप्टेंबरात आली. नाक्यावरच्या अधिकाऱ्याने झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, “हे शिजवलंय ना?” ही म्हणाली, “दोनदा.”

मध गेला. कढीपत्ताही गेला. मेलबर्नच्या थंडीत कढीपत्त्याचं झाड जगवणं म्हणजे काय, हे ज्यांनी ते हिवाळाभर आत-बाहेर नेलंय त्यांनाच कळेल, आणि त्या झाडाच्या डहाळ्या आमच्या डोळ्यांदेखत पिंपात टाकल्या गेल्या. पुढचे दोनशे किलोमीटर ही त्या अधिकाऱ्याविषयी बोलत होती. मला तो वेळ फार सुखाचा गेला, कारण तेवढा वेळ विषय मी नव्हतो.

नाका ओलांडला की घड्याळही साथ सोडतं. युक्ला आणि आसपासच्या मूठभर वस्त्या पर्थपेक्षा पाऊण तास पुढचं असं स्वतःचं वेगळंच घड्याळ चालवतात. त्याला सरकारी मान्यता नाही, पण रस्त्यावर तशी पाटी आहे. पश्चिमेला जाताना आधी पाऊण तास मागे, मग पुन्हा पाऊण तास मागे. हिने या सवलतीचा अर्थ दुपारचा चहा दोनदा घेता येतो असा लावला आणि रक्तदाबाच्या गोळीच्या बाबतीत मात्र मेलबर्नच्याच वेळेवर ठाम राहिली.

याच रस्त्यावर जगातला बहुधा सर्वांत आळशी गोल्फ कोर्स आहे. ‘नलरबॉर लिंक्स’ त्याचं नाव, २००९ साली सुरू झाला. होल नेहमीप्रमाणे अठराच, पण ते सेडूना ते कॅलगूर्ली अशा १,३६५ किलोमीटरमध्ये पसरलेले. एका रोडहाउसपाशी चेंडू मारायचा, गाडीत बसायचं आणि पुढच्या होलसाठी तासभर गाडी चालवायची. मी खेळलो नाही. मला गोल्फ येत नाही आणि हिला थांबणं येत नाही.

मग कायगुना आलं आणि कायगुनाच्या पुढे तो रस्ता. इथले लोक त्याला नव्वद मैलांचा सरळ रस्ता म्हणतात. १४६.६ किलोमीटर, आणि एकही वळण नाही. रस्त्याला वळण नसेल तर विषयाला तरी कुठून मिळणार? सुरुवातीलाच हिने, समोर बघत, अगदी शांतपणे विचारलं, “१९८७ साली तुमच्या आत्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, चहा तरी जमतो का गं तुला? तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?”

घरी असतो तर मला एक फोन करायचा राहिला असता. इथे मोबाईलला रेंज नव्हती. रेडिओवर खरखर होती. पेट्रोल पंप नव्हता, ज्याच्याकडे बोट दाखवून ‘ते बघ’ म्हणावं असं काही म्हणजे काहीच नव्हतं. एक जागा मात्र आली. रस्त्यावरच पांढरे पट्टे रंगवलेले आणि पाटी, की अडीअडचणीला इथे फ्लाइंग डॉक्टरचं विमान उतरतं. मी आशेने वर पाहिलं. आकाश स्वच्छ होतं.

ट्रेलर जोडलेला असल्यामुळे मी ताशी नव्वदने चालवत होतो, म्हणजे दीड तासाच्या वर वेळ होता. पहिला अर्धा तास मी आत्यांची बाजू मांडली. दुसरा अर्धा तास आत्या कशा वारल्या, शेवटी त्यांना कोणी पाहिलं आणि ते हिनेच कसं पाहिलं, हे ऐकलं. शेवटच्या अर्ध्या तासात मी खरं उत्तर दिलं: त्या चहात साखर नव्हती, आणि आत्यांना काय बोलावं हे मला सुचलं नव्हतं. यावर ही हसू लागली. साखर नव्हती हे तिला माहीत होतं. तिच्या सासूने डबा लपवून ठेवला होता, ते मला त्या रस्त्यावर, मध्यरात्रीइतक्या रिकाम्या दुपारी, पहिल्यांदा कळलं. तीन ट्रेलर ओढणारा एक प्रचंड रोड ट्रेन समोरून गेला, चालकाने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून इथल्या रीतीप्रमाणे नमस्कार केला, आणि आम्ही दोघांनीही बोटं उचलली.

सरळ रस्ता संपला की बॅलडोनिया. तिथल्या रोडहाउसमध्ये छोटंसं संग्रहालय आहे आणि त्यात स्कायलॅब आहे. आमच्या पिढीला स्कायलॅब सांगावी लागत नाही. जुलै १९७९ मध्ये ‘नासा’ची ती अंतराळ प्रयोगशाळा आपल्या डोक्यावर पडणार म्हणून गावोगाव लोक घाबरले होते, काहींनी मरायचंच आहे तर खाऊन घेऊ म्हणून कोंबड्या कापल्या होत्या, कर्जं काढली होती. ती पडली ती इथे, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या या रिकाम्या माळावर आणि एस्परन्सच्या आसपास. एस्परन्सच्या नगरपालिकेने ‘नासा’ला सार्वजनिक जागी कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड लावला. ‘नासा’ने तो भरला नाही, शेवटी २००९ साली एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे गोळा करून भरला. ज्या वस्तूच्या भीतीने आपल्याकडे उधाऱ्या झाल्या तिची इथे कचऱ्याची पावती फाटली, हे वाचून हिला प्रवासाचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी पाच वाजता सगळ्या कॅम्पांवर ‘हॅपी अवर’ असतो. आपली खुर्ची, आपला ग्लास आणि सगळ्यांसाठी एक बशी घेऊन यायचं. आपली मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘मूळचे कुठले?’ आणि दुसरा ‘कुठल्या कंपनीत होतात?’ इथे विचारतात, कुठून आलात आणि उद्या कुठे. तुम्ही न्यायाधीश होतात की नळ दुरुस्त करत होतात याची कोणी चौकशी करत नाही. ते आपोआप सकाळी कळतं, डंप पॉइंटवर, जिथे सगळे वर्ण आपापली संडासाची पेटी ओतायला रांगेत उभे असतात. तिथे नळवाल्याचा सल्ला न्यायाधीश मान खाली घालून ऐकतो. बोलण्याचे विषय ठरलेले: डिझेलचा भाव, लिथियम बॅटरी, गुडघे, आणि कोणत्या गावात फुकट मुक्काम करू देतात. हिच्या कांदाभज्यांनी मात्र नॉर्समनला सगळी चर्चाच थांबवली. नॉर्समन हे गाव एका घोड्याच्या नावावर आहे. त्याने खूर मारून सोन्याचा दगड उघडा केला अशी तिथली कथा आहे, आणि गावात त्याचा पुतळा आहे. तिथल्या दुकानात कांदे मिळाले. नाक्यानंतर सातशे-सव्वासातशे किलोमीटरवर मिळालेले ते पहिले कांदे. घोड्याला सोनं मिळालं तेव्हा तो इतका खूश झाला असेल असं मला वाटत नाही.

पर्थला पोहोचल्यावर मुलाचा फोन आला. छोटीला पोहायला आता सूनबाईच नेते, आणि तिला ते आवडतं म्हणे. म्हणजे आमच्यावाचून अडत नाही. हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. हिने फोन ठेवला आणि डार्विनचा नकाशा उघडला. तिकडचा कोरडा हंगाम मे महिन्यात सुरू होतो.

ज्यांच्या मनात हे खूळ आलं असेल त्यांच्यासाठी एवढंच. ट्रेलर विकत घेऊ नका, आधी आठवडाभर भाड्याने घ्या. रिव्हर्स घेण्याचा सराव रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये करा, प्रेक्षक जागे व्हायच्या आत. नाक्याआधी भाजी शिजवा आणि मध घरीच ठेवा. आणि जी जुनी भांडणं अर्धवट आहेत त्यांची घरी बसून यादी करू नका. कायगुनाच्या पुढे ती आपोआप आठवतात.